पालथा मग

आमच्या घरात सोफा नाही. सोफ्याच्या जागी तबकडी आहे.

तबकडी म्हणजे पाकट, इंग्रजीत स्टिंगरे. समुद्रातली नाही, नदीतली, गोड्या पाण्यातली. सपाट, गोल, तपकिरी अंगावर पिवळे ठिपके, आणि मागे शेपटी. शेपटीवर काटा आहे, म्हणून माझी आत्या दाराशी उभी राहूनच तिच्याशी बोलते. तीन वर्षांपूर्वी एक हॉटेल बंद पडलं. तिथल्या काउंटरमागच्या टाकीची देखभाल बाबाकडे होती, कारण माझा बाबा टाकीवाला आहे, लोकांच्या घरच्या आणि ऑफिसातल्या माशांच्या टाक्या सांभाळतो. मालक म्हणाला, बाकीचे मासे गेले, हिला कुणी घेत नाही, काय करायचं ते कर. बाबाने तिला दोन आठवड्यांसाठी घरी आणलं. आईने सोफा दोन आठवड्यांसाठी शेजाऱ्यांकडे ठेवला. पुढे शेजारी घर सोडून गेले, सोफ्यासकट.

तेव्हा ती ताटलीएवढी होती. आता परातीएवढी झालीय, आणि टाकी तीच, सहा फुटी. वळताना तिची कड काचेला लागते. घासून घासून ती कड पांढुरकी पडलीय. बाबा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून ती कड बघत बसायचा आणि काही बोलायचा नाही, आणि बाबा बोलत नाही म्हणजे गोष्ट खरंच वाईट असते, एरवी तो टीव्हीशीसुद्धा बोलतो.

मग मोठ्या मत्स्यालयातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे गोड्या पाण्याचा एक मोठा हौद नव्याने बांधलाय, त्यात एका पाकटाची जागा रिकामी आहे. त्या चार तास गाडी चालवून येणार, तबकडीला नेणार. फक्त एक अट.

"अठ्ठावीस दिवसांची वही हवी," त्या म्हणाल्या. "रोजचा पीएच आणि दर रविवारी जडपणा. पाणी स्थिर असेल तर मासा दमदार असतो, प्रवास सोसतो. येईन त्या दिवशी पीएच सहाच्या खाली दिसला तर मी तिला उचलणार नाही. गाडीतच मरेल ती. मग ती जागा यादीतल्या पुढच्या पाकटाला."

वही माझ्याकडे आली. मी दहावीत आहे, माझं अक्षर चांगलं आहे आणि या वर्षी मला असं वाटायला लागलंय की मला बऱ्याच गोष्टी येतात. शाळेच्या पुस्तकात पीएचला सामू म्हणतात. सामू म्हटलं की मला कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला कुणीतरी मळकट शर्टातला माणूस आठवतो. असो. सामू म्हणजे पाणी किती आंबट ते. सातला मधोमध, खाली आंबट, वर तुरट-कडवट. तबकडीला थोडं आंबट आवडतं, साडेसहा ते सात. आणि जडपणा म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते. बाबा म्हणतो, जडपणा म्हणजे सामूचा हात धरणारा माणूस. टाकीत मासा खातो, घाण करतो, त्या घाणीतून रोज थोडं आम्ल तयार होतं. पाण्यात क्षार असले की ते आम्ल पोटात घेतात आणि सामू जागचा हलत नाही. क्षार संपले की हात सुटला. मग सामू जिन्यावरून पडल्यासारखा खाली येतो.

आमच्या नळाचं पाणी फारच जड. बादलीला पांढरी पुटं चढतात. आणि फिल्टरचं पाणी अगदीच हलकं, त्यात काहीच नाही. म्हणून बाबाची कृती अशी: निळा ड्रम रात्रभर फिल्टरच्या पाण्याने भरू द्यायचा, सकाळी त्यात नळाचे आठ मग घालायचे, मोठा दोन लिटरचा मग, आणि ते पाणी टाकीत. तेवढंच जुनं पाणी आधी काढायचं. रोज. न चुकता. तबकडी नाजूक नाही, पण ती खाते भरपूर आणि बाकीचंही भरपूर करते.

आता मगाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

बाबाच्या कामातल्या सवयीची ही खूण आहे. ड्रमच्या झाकणावर मग पालथा, म्हणजे नळाचं पाणी घालून झालंय, ड्रम तयार. मग सुलटा, म्हणजे अजून नुसतं फिल्टरचं पाणी आहे. टाकीत पाणी ओतून झालं की ज्याने ओतलं त्याने मग सुलटा करून ठेवायचा. बोलायची गरज नाही. आमच्या घरात ते फार सोयीचं होतं, कारण वहीच्या सहाव्या दिवशी बाबाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. वीस वर्षं बादल्या उचलून खांद्यातलं काहीतरी फाटलं होतं. सहा आठवडे हात झोळीत, काही उचलायचं नाही. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात आहे आणि महिनाभर तिला रात्रपाळी लागली होती. ती सकाळी साडेसहाला यायची तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटलेले असायचे, आणि मी सव्वासातला निघायचे तेव्हा माझे अर्धे उघडलेले. दोघी मिळून एक माणूस जागा. जी आधी ड्रमजवळ पोचेल ती आठ मग घालेल, दुसरी ओतेल. आम्ही एकमेकींना "हं" आणि "जाते" याखेरीज काही बोलत नव्हतो. राग नव्हता. तोंड उघडायला जीवच नव्हता.

चौदाव्या दिवशी आत्या आली, मदतीला. बाबाची मोठी बहीण. तिने तीस वर्षं एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं, तीनशे मुलांचं. घरात पाऊल ठेवल्यावर पहिलं वाक्य, "हे घर आहे की बोटीचं गोदाम?" तिने भांडी घासली, पडदे धुतले, बाबाला अंघोळीला पाठवलं, माझ्या दप्तरातून तीन जुने डबे काढले. दुसऱ्या दिवसापासून घरात गरम जेवण होतं. मला इतकं बरं वाटलं की वर्गात पहिल्या तासाला मी झोपले नाही, दुसऱ्या तासाला झोपले.

पंधराव्या दिवशी, रविवारी, मी जडपणा मोजला. परीक्षानळीत पाच मिली पाणी, त्यात एकेक थेंब, आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक अंश. तिसऱ्याला पिवळं. वहीत लिहिलं, तीन. बाविसाव्या दिवशी, पुढच्या रविवारी, मी मोजला नाही. सोमवारी विज्ञानाची चाचणी होती, आणि हे लिहितानाही मला लाज वाटते, धडा होता आम्ल आणि आम्लारी. मी वहीत लिहिलं, तीन. तीनदा तीन आलाय, चौथ्यांदा कुठे जातोय, असा माझा शास्त्रीय विचार. सामू मात्र मोजला होता. रंग जरा पिवळसर वाटला. सहा पॉइंट सहा लिहिलं. आमच्या बाथरूममधला दिवाही पिवळाच आहे, त्याच्यावर ढकललं.

सोमवारी दुपारी चाचणी देऊन घरी आले. चाचणी छान गेली होती. बूट काढता काढता टाकीकडे पाहिलं आणि एका पायातला बूट तसाच राहिला.

तबकडी वाळूत पसरलेली नव्हती. कोपऱ्यात होती, आणि तिच्या कडा वर वळल्या होत्या, भाजलेल्या कागदासारख्या. पाकट असं करतं तेव्हा त्याला कुठेतरी दुखत असतं. सकाळी टाकलेली कोळंबी तिच्या शेजारी तशीच पडलेली.

मी परीक्षानळी भरली. सामूचे थेंब टाकले. पाणी पिवळंजर्द झालं. रंगांच्या कागदावर शेवटचा पिवळा सहाला आहे, त्याच्याखाली कागदाला काही माहीत नाही. मग बाबाचं पेन काढलं, आकडा दाखवणारं. ते पाच पॉइंट तीनवर थांबलं. मी पेन धुतलं, पुन्हा बुडवलं. पाच पॉइंट तीन. जडपणाची बाटली घेतली, पहिला थेंब टाकला.

पहिल्याच थेंबाला पिवळं.

"बाबा," मी म्हणाले. ओरडले नाही. ओरडायला हवं होतं बहुतेक.

बाबा आतून आला, झोळीतला हात सांभाळत, वेदनाशामक गोळीने डोळे जड. त्याने टाकी पाहिली, पेन पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला पेन मागे लपवावंसं वाटलं.

"सोडा आण. खायचा सोडा. दोन मोठे चमचे, पाण्यात कालवून. लवकर."

मी स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेले आणि थांबले.

"बाबा, आधी अमोनिया बघू."

"अगं तिच्या कडा बघ. अमोनिया कसला बघतेस?"

"बघू ना. पाच मिनिटं."

"मी वीस वर्षं टाक्या करतोय."

"म्हणूनच. बँकेतल्या टाकीचं तूच सांगितलंस ना."

बँकेतल्या टाकीची गोष्ट तो दर दोन महिन्यांनी सांगतो. पाणी आंबट झालेलं, कुणा हुशार माणसाने सोडा टाकून तासाभरात वर आणलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळे मासे वर तरंगत होते. कारण आंबट पाण्यात घाण साफ करणारे जिवाणू कामच सोडून देतात. मग अमोनिया साठतो, पण आंबट पाण्यात तो निरुपद्रवी रूपात असतो. पाणी एकदम वर नेलं की तोच अमोनिया विष होतो. सामू खाली म्हणून मासा आजारी, आणि सामू वर आणला म्हणून मासा मेला.

बाबा खुर्चीवर बसला. मी अमोनियाचे थेंब टाकले, पाच मिनिटं घड्याळाकडे बघितलं. नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. मी ती त्याच्यासमोर धरली. त्याने चांगल्या हाताने तोंडावरून हात फिरवला.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "गोळीने डोकं चालत नाही माझं." मग नळीकडे बघत म्हणाला, "मारलीच असती मी तिला आज."

तो असं म्हणाला तेव्हा मला खूप मोठं झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त एक पाय बुटात आणि एक बाहेर असल्यासारखं वाटलं, आणि तसा तो होताच.

मग प्रश्न आला की झालं कसं. मी ड्रमच्या तळाशी उरलेलं सकाळचं पाणी तपासलं. तेसुद्धा पहिल्या थेंबाला पिवळं. सकाळी ड्रमवरचा मग पालथा होता. म्हणजे नळाचं पाणी घातलेलं असायला हवं, आणि ड्रममध्ये त्याचा मागमूस नव्हता.

आई उठून आली होती, गालावर उशीची घडी. मी विचारलं, "आई, आज आठ मग घातलेस ना?"

"मी कुठे? तू घातलेस ना? मी आले तेव्हा मग पालथाच होता."

"मी उठले तेव्हाही पालथाच होता. मला वाटलं, तू ड्यूटीला जायच्या आधीच घालून ठेवतेस."

"आणि मला वाटलं, पोरगी पहाटे उठून करते." आई भिंतीला टेकली. "मी म्हटलं, अभ्यासाचे दिवस, तरी माझ्यासाठी करते. मी तर धुलाईघरात सगळ्यांना सांगितलंय, माझी लेक किती समजूतदार आहे म्हणून."

"मीसुद्धा रोज मनातल्या मनात तुला थँक्यू म्हणत होते."

"मला वाटलं तुम्ही दोघी मिळून करताय," बाबा म्हणाला. "मी म्हटलं, मी नसलो तरी चाललंय छान."

नऊ दिवस. नऊ दिवस आम्ही तिघं एकमेकांचे आभार मानत होतो आणि नुसतं हलकं पाणी टाकीत ओतत होतो. जडपणा धुऊन धुऊन संपला. आई एकदम म्हणाली, "अगं, परवा त्या ड्रमच्या पाण्याने मी हात धुतले. एवढा फेस आला. मला वाटलं, हिने साबण बदलला." हिने म्हणजे आत्याने. धुलाईघरात काम करणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं, असं ती पुढे दिवसभर म्हणत राहिली. हलक्या पाण्यात साबण फेसाळतो, जड पाण्यात फुटतो, हे तिला कुणी शिकवायला नको.

आत्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. हातात फडकं.

"तो मग?" ती म्हणाली. "तो मीच पालथा घालते."

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग काय करू? ओलं भांडं सुलटं ठेवतं का कुणी? आत पाणी साचतं, बुरशी धरते. रोज संध्याकाळी बघते तर सुलटा. रोज पालथा घालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुलटा. मी म्हटलं, या घरात कुणाला वळण नाही, पण बोलून काय उपयोग, बिचारे दमलेले असतात."

कुणी हसलं नाही आणि कुणी रागावलंही नाही. आई फक्त म्हणाली, "ताई, एकदा तरी आम्हाला रागवायचं होतं हो." आणि आत्या फडक्याची घडी करत राहिली, उलगडत राहिली, पुन्हा करत राहिली.

सोमवार ते शनिवार. पाच पॉइंट तीनवरून सहाच्या वर, आणि तेही हळूहळू, दिवसाला पाव अंशाच्या आसपास, अमोनियावर नजर ठेवून. बाबाने हिशेब केला. खाणं बंद, म्हणजे नवी घाण नाही. दिवसातून तीनदा थोडं थोडं पाणी बदलायचं, त्यात नळाचे मग किती घालायचे ते प्रत्येक वेळी मोजून ठरवायचं. बाबा मोजणार, कारण थेंब टाकायला एक हात पुरतो. सकाळचं मी. संध्याकाळचं आई, ड्यूटीवर जायच्या आधी.

"आणि दुपारचं?" बाबाने विचारलं. मी शाळेत, आई झोपलेली.

आत्याने टाकीकडे पाहिलं. टाकीतून तबकडीचे दोन डोळे तिच्याकडे बघत होते. तबकडीचे डोळे डोक्यावर असतात, वर आलेले, बेडकासारखे. ती कुणाकडे बघते ते नीट कळत नाही, पण आत्याला कळलं.

"त्या गालिच्याच्या टाकीत मी हात घालणार नाही," आत्या म्हणाली.

"हात घालायचा नाही, नळी सोडायची आणि बादली ओतायची," बाबा म्हणाला.

"तीनशे मुलं जेवू घातली मी. कुणाच्या शेपटीला काटा नव्हता."

मंगळवारी दुपारी मी शाळेतून आले तर दोन बादल्या धुऊन पालथ्या ठेवलेल्या, फरशी कोरडी, आणि वहीत आत्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: दुपारी एक वाजता पाणी बदलले. गालिचा स्वस्थ. मग मीच जाणूनबुजून सुलटा ठेवला आहे, कुणी हात लावू नये.

तो आठवडा मला सलग आठवत नाही. आठवतात ते आकडे आणि दंड दुखणं. मंगळवार पाच पॉइंट पाच. सकाळी बादल्या उचलून शाळेत गेले की पेन बोटांतून निसटायचं. बुधवार पाच पॉइंट सात. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, उत्तर मिळत नाहीये का झोप? मी म्हटलं, दोन्ही. सगळा वर्ग हसला आणि पूर्वीची मी असते तर मेले असते, पण मीही हसले आणि मग डोकं बाकावर ठेवलं आणि बाईंनी ते तसंच राहू दिलं. गुरुवारी कडा थोड्या उतरल्या. सामू पाच पॉइंट नऊ. आई बादली ओतताना उभ्या उभ्या डोळे मिटत होती, मी म्हटलं, "आई, दे इकडे," ती म्हणाली, "गप, तू आठ मग घातलेत का ते सांग," आणि मी म्हटलं, "पाच. आज पाचच सांगितलेत बाबाने. मी स्वतः. माझ्या हाताने. मोजून." आता आम्ही बोलत होतो. प्रत्येक मगाला बोलत होतो. आता ते मोजणं झोपेतही चालू असतं, आई म्हणाली.

शुक्रवारी सहा पॉइंट एक. रात्री जेवताना बाबा म्हणाला, "खाल्लं नाही तिने. पाच दिवस."

"आपणच दिलं नाही," मी म्हणाले.

"आज दुपारी एक कोळंबी टाकून बघितली. हललीच नाही."

आत्याने सगळ्यांना न विचारता आणखी वाढलं.

झोपायच्या आधी मी वही काढली. बाविसाव्या दिवसासमोर माझा तीन होता, सुंदर, गोलाकार. मी तो खोडला आणि शेजारी लिहिलं, मोजला नाही. मग पालथ्या मगाचं सगळं पानभर लिहिलं, नऊ दिवसांसकट. बाबा मागून बघत होता. "हे वाचून नाही म्हणाल्या तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "त्या तिला हौदात सोडणार आहेत, आणि त्यांना माहीतच नसलं की नऊ दिवस तिचं काय झालं, तर तिकडे चुकेल त्यांचं." आणि पुढे म्हणाला, "अक्षर जरा नीट काढ."

शनिवारी डॉक्टरीणबाई साडेअकराला आल्या. मला वाटलं होतं, पांढरा कोट, ऐटदार बाई. त्यांच्या डोळ्यांखाली आमच्याइतकीच काळी वर्तुळं होती आणि पायात रबरी बूट. "लिफ्ट बंद आहे तुमची," हे त्यांचं पहिलं वाक्य. आत्याने चहा ठेवला. बाईंनी स्वतःचं पेन टाकीत बुडवलं आणि आम्ही चौघं त्यांच्या मागे रांगेत उभे राहिलो, निकाल लागायचा असल्यासारखे.

सहा पॉइंट तीन.

त्यांनी जडपणा मोजला. दोन थेंब. अमोनिया मोजला, फिकट हिरवा. मग वही घेतली आणि आमच्या मोडक्या खुर्चीवर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. बोट खाली सरकत होतं. बाविसाव्या दिवसावर थांबलं.

"हा तीन कुणी खोडला?"

"मी," मी म्हणाले. "लिहिलाही मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पानभर मजकूर वाचला, आत्याच्या गालिच्यासकट. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत.

"सामू बरोबर वर आणलात. सोडा टाकला असता तर मी रिकाम्या गाडीने परत गेले असते. पण ती खात नसेल तर नेता येणार नाही. उपाशी माशाला चार तासांचा प्रवास झेपत नाही. कोळंबी आहे?"

आत्याने फ्रिजमधून कोळंबी काढून दिली. बाईंनी एक टाकली. ती तरंगत तरंगत तबकडीपासून वीतभर लांब वाळूवर टेकली. तबकडी हलली नाही.

"थांबू थोडा वेळ," बाई म्हणाल्या.

आम्ही थांबलो. बाई खुर्चीत, बाबा दुसऱ्या खुर्चीत, आई आणि मी जमिनीवर भिंतीला पाठ लावून, आत्या दाराशी. पंपाचा एकसुरी आवाज. दहा मिनिटं झाली. चहा थंड झाला. आईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि ती झोपली. मी बाबाकडे पाहिलं, बाबा झोळीतल्या हाताची बोटं उघडत-मिटत होता. बाईंकडे पाहिलं तर त्यांचीही मान एका बाजूला कलंडलेली. एवढ्या महत्त्वाच्या क्षणी घरातली निम्मी माणसं झोपली होती.

"ती सरकली," आत्या म्हणाली.

आत्या दारापासून हललेली होती. टाकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

तबकडी वाळूवरून उठली. तिच्या कडांमधून एक लाट गेली, चादर झटकावी तशी, आणि ती अगदी हळू पुढे आली, कोळंबीवर पसरली आणि तिथेच बसली. पाकटाचं तोंड खाली असतं, त्यामुळे ते खाताना दिसत नाही. आम्ही वाट पाहिली. मग ती मागे सरकली आणि तिथे नुसती वाळू होती.

"आणखी एक टाका," बाईंनी डोळे पुरते न उघडता सांगितलं. त्या झोपल्या नव्हत्या तर. आत्याने स्वतःच्या हाताने टाकली. तीही गेली.

"नेते," बाई म्हणाल्या आणि उठल्या. मग त्यांनी टाकीकडे, दाराकडे, जिन्याकडे बघितलं. "हिच्याच पाण्यातून नेईन. हेच पाणी, दोनशे लिटर. तिकडे गेल्यावर थेंब थेंब आमचं मिसळू."

दोनशे लिटर म्हणजे वीस बादल्या. तिसरा मजला. आई जागी झाली, तिने ऐकलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, "आठवडाभर वर चढवलं, आता खाली उतरवा." आत्याने पदर खोचला. मी बाही वर केली. बाबाने एक छोटा मग भरून घेतला, चांगल्या हातात, आणि तो आमच्या पुढे जिना उतरायला लागला; कुणी त्याला नको म्हटलं नाही.

रविवारी संध्याकाळी बाईंचा निरोप आला. सोबत फोटो. मोठा हौद, आणि त्यात दूर कुठेतरी एक गोल डाग. निरोपात होतं: पोचली. काचेपासून लांब फिरते आहे. सामू सहा पॉइंट चार.

मी बाबाला वाचून दाखवलं. तो रिकाम्या टाकीसमोर बसला होता.

"जडपणा विचार," तो म्हणाला.

विचारला. उत्तर यायला बराच वेळ लागला. तीन थेंब. बाबाने मान हलवली, तीन, असं स्वतःशीच म्हणाला, आणि खुर्चीतच झोपला.

सोमवारी सकाळी मी सहाच्या आधीच उठले, सवयीने, आणि डोळे चोळत ड्रमजवळ गेले. ड्रम काठोकाठ भरलेला. कुणीतरी रात्री फिल्टर लावला होता. कुणी लावला ते कुणीच कबूल केलं नाही. झाकणावर मग होता, आता त्याच्याकडे बघायचं कारण नव्हतं, तरी मी पाहिलं. सुलटा.

आई आली, पिशवी दाराशी टाकली, माझ्या शेजारी उभी राहिली. दोघी ड्रमकडे बघत होतो. एवढं पाणी, आणि कुणाला नको होतं.

"बादली आण," आई म्हणाली.

तिने बाथरूममध्ये बसून त्या पाण्याने केस धुतले. नुसतं फिल्टरचं पाणी, नळाचा एक मगही नाही. इतका फेस आला की तिचे कान दिसेनात. ती आतून म्हणाली, आणखी ओत, आणि मी ओतत राहिले. मग ती डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपली आणि दुपारी मी शाळेतून परत आले तरी झोपलेलीच होती. आत्या दाराशी उभी होती, ओठांवर बोट ठेवून.